मडगार्डला कोण गार्ड करणार?

हेडफोन नसेल तर आजचा भाग इथे वाचा.

'डॅशबोर्ड' म्हटलं की आपल्याला ऑफिसातले ग्राफ आठवतात. पण हा शब्द मूळचा घोडागाडीचा. १९व्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या बग्ग्यांमध्ये हाकणाऱ्याच्या पायांपुढे एक उभी फळी असायची. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल आणि खडे तिच्यावर आदळायचे, माणसावर नाही. मोटार आली, घोडा गेला, फळी राहिली आणि तिच्यावर मीटर बसले.

खडे मात्र उडतच राहिले, फक्त आता ते टायर उडवत होते. त्यांना अडवायचं काम चाकावरच्या पत्र्याच्या कमानीचं, म्हणजे फेंडरचं. आपण त्याला सरळ मडगार्ड म्हणतो.

१९०८ साली आलेली फोर्ड मॉडेल टी डोळ्यांसमोर आणा. तिचे मडगार्ड बॉडीपासून वेगळे, बोल्टने बसवलेले. पोचा आला तर ठोकून सरळ करा, फारच वाकला तर काढून दुसरा लावा. मार खायचा हेच त्याचं काम, त्यामुळे कुणाला वाईट वाटायचं नाही.

१९३० आणि ४०च्या दशकांत डिझाइन बदललं. मडगार्ड हळूहळू बॉडीत विरघळत गेले. १९४९ मॉडेलच्या फोर्डची बाजू बघा, पुढून मागेपर्यंत जवळपास सपाट. गाडी देखणी झाली, पण ढाल होती तीच आता चेहरा झाली. चेहऱ्यावर ओरखडा कुणाला चालतो?

आता थोडं गणित. गाडी ताशी ८० किलोमीटरने चाललीय. टायरच्या खाचेतून सुटलेला खडा गाडीच्या तुलनेत साधारण त्याच वेगाने निघतो, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. खडा ५ ग्रॅमचा धरला तर ऊर्जा सुमारे १.२ ज्यूल. अर्ध्या किलोचं वजन २५ सेंटिमीटरवरून सोडल्यासारखं, आणि तेही टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेवर! रंग उडतो, पत्रा उघडा पडतो, पाणी लागतं आणि गंज सुरू होतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर थंड देशांत बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकणं वाढलं, आणि हा गंज सुसाट सुटला. त्यातही बराचसा आतून. मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात ओला, खारट चिखल साचून राहायचा. बाहेर फुगवटा दिसेपर्यंत आतला पत्रा खाल्लेला असायचा.

मग पत्राच नको म्हटलं तर? १९५३ची शेवरले कॉर्व्हेट फायबरग्लासची होती. फायबरग्लास गंजत नाही. पण आतून खडा जोरात बसला तर बाहेरच्या रंगावर चांदणीसारखे तडे उमटू शकतात.

१९७०च्या दशकात पोर्शेने दोन उपाय केले. ९११ची बॉडी जस्त चढवलेल्या पत्र्याची केली. आणि ९११ टर्बोचे मागचे मडगार्ड इतके रुंद होते की पुढच्या चाकांचे खडे थेट त्यांच्यावर यायचे, म्हणून तिथे काळं संरक्षक आवरण चिकटवलं. म्हणजे मडगार्डलाच मडगार्ड!

आज त्याची जागा पारदर्शक पीपीएफने घेतलीय. तिचं मूळ व्हिएतनाम युद्धातल्या हेलिकॉप्टरच्या पात्यांवर लावलेल्या पॉलियुरेथेनच्या फिल्ममध्ये आहे. वाळू-खड्यांनी पाती झिजू नयेत म्हणून ती लावत.

आपल्या कोड बेसमध्येही असंच होतं ना? संरक्षणासाठी एक लेयर लिहितो, काही वर्षांनी तोच लेयर इतका महत्त्वाचा होतो की त्याच्यावर दुसरा चढवावा लागतो.

पण इतिहासातून एक कामाची गोष्ट घ्या. पीपीएफ बाहेरचा रंग वाचवते, आतला पत्रा नाही. तिथे चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं लायनर आणि अंडरकोटिंग कामाला येतं. तेही डोळे झाकून नको. कोटिंगला तडा गेला की पाणी त्याच्यामागे अडकतं आणि गंज झाकलेलाच वाढतो.

त्यामुळे कोकणातून, खाऱ्या हवेतून आणि लाल चिखलातून परत आलात की बोनेट चमकवण्याआधी पाण्याचा पाइप चाकाच्या कमानीत धरा. लायनर फाटलंय का, क्लिप निघालीय का, बघा. रंगाचा टवका उडालेला दिसला तर पावसाळ्याआधी टच-अप करून घ्या. खर्च किरकोळ आहे. पत्रा कापून नवा जोडायची वेळ आली की तो किरकोळ राहत नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर डंपरच्या मागे जरा अंतर ठेवून चालवा!