पट्टा: दंडाचा आणि शेपटीचा

१/ पळसदरीचा रुग्ण कर्जतला जाऊन रक्तदाब मोजून घेतो. त्याच्या दंडाला आवळणाऱ्या पट्ट्याचा एक भाऊबंद प्रयोगशाळेतील उंदराच्या शेपटीवर असतो.

२/ १७३३ साली स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीत नळी घालून केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. रक्त आठ फुटांहून वर चढले. पण त्या मापनात घोडीचा प्राण गेला.

३/ १८९६ साली इटलीत रिव्हा-रोची यांनी दंडाचा पट्टा आणला. १९३८ साली इंग्लंडमध्ये बायरम आणि विल्सन यांनी तेच तत्त्व उंदराच्या शेपटीला लावले: पट्टा फुगवून रक्तप्रवाह थांबवायचा आणि तो ज्या दाबाला परततो तो टिपायचा. एकाच उंदराचा रक्तदाब, धमनी न कापता, पुन्हापुन्हा मोजता येऊ लागला.

४/ १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रुग्णांचा रक्तदाब उतरतो, हे ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले. पुढे अशा औषधांची पारख करताना शेपटीचा पट्टा प्रयोगशाळांचे नित्याचे साधन झाला.

५/ मात्र जागा उंदीर नळीत कोंडला की भेदरतो, त्याचे हृदय वेगाने धडधडते आणि आकडा फसवा येतो. भारतात १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाने प्रयोगांतील अनावश्यक वेदना टाळण्याचे बंधन घातले. या पट्ट्याच्या बाबतीत ते बंधन दयेइतकेच अचूकतेचेही आहे.