दिवाणखान्यातून निघालेली रायफल

एनसीसीच्या कॅम्पात पोटावर झोपून ज्यांनी बार काढले आहेत, त्यांना ‘पॉइंट टू-टू’ची ओळख करून द्यायला नको. खांद्याला धक्का जवळपास नाही, आवाज लवंगी फटाक्याएवढा. त्यामुळे तिला कुणी फारसं मनावर घेत नाही. पण २०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली ती याच काडतुसावर, आणि २०२४च्या ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळेने थ्री पोझिशनचं कांस्य आणलं तेही. तिचं मूळ मात्र रणांगणावर सापडत नाही.

१८४५च्या सुमारास पॅरिसच्या लुई-निकोलस फ्लोबेरने बंदुकीच्या टोपीच्या तोंडातच शिशाची बारीक गोळी बसवली. दारू नव्हतीच. टोपीतल्या स्फोटक मसाल्याचा जोर गोळी ढकलायला पुरे. अशा बंदुकींनी लोक दिवाणखान्यात नेमबाजीचा खेळ खेळत. १८५७ साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने त्या टोपीची लांबी वाढवली, आत काळी दारू भरली, मसाला बुडाच्या दुमडलेल्या काठात ठेवला आणि आपल्या छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी ‘पॉइंट टू-टू शॉर्ट’ काढलं. १८८७ साली मॅसॅच्युसेट्सच्या स्टीव्हन्स कंपनीने ‘लाँग रायफल’ आणलं. गोळी ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅम. आजची स्पर्धा याच काडतुसावर चालते.

या काडतुसाला दोन जन्मजात खोडी आहेत. फायरिंग पिनने काठ चेपला तरच बार उडतो, म्हणून पितळ पातळ हवं. पातळ पितळ जास्त दाब सोसत नाही, म्हणून ताकद बेताचीच. दुसरी खोड नेमबाजाला जास्त छळते. एकदा चेपलेला काठ पुन्हा भरून वापरण्याजोगा राहत नाही. मोठ्या काडतुसाचा हौशी माणूस रिकामं पितळ घेऊन घरी बसतो, नवी टोपी लावतो, दारू तोलून भरतो आणि आपल्या रायफलीला मानवेल असं काडतूस घडवतो. इथे कारखान्याने दिलं ते मुकाट घ्यायचं. या रायफलीचा पुढचा सगळा इतिहास, माझ्या मते, या असहायतेतून घडला. काडतूस हातात नाही म्हटल्यावर कारागिरांनी रायफलीतली एकेक उणीव हुडकून काढली.

बोल्ट, म्हणजे हाताने मागे-पुढे करून काडतूस चेंबरमध्ये बसवायचा दांडा, आला फौजेकडून. ड्रायझेची सुईबंदूक प्रशियाने १८४१ मध्ये स्वीकारली होती, पुढे माउझर बंधूंनी ती रचना पक्की केली. एवढ्याशा काडतुसाला तितक्या मजबुतीची गरज नव्हती. फायदा वेगळा होता: बोल्ट मऊ शिशाची गोळी न खरवडता सरळ चेंबरमध्ये सरकवतो आणि दर वेळी त्याच जागी बसवतो. शिवाय शिपायाचा हात स्वस्त काडतुसावर तयार होतो. बोअर शेतकऱ्यांच्या नेमाने ब्रिटिशांना दणका दिल्यावर १९०१पासून इंग्लंडात लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या पाठबळाने गल्लीबोळांत पॉइंट टू-टूचे क्लब निघाले. गंमत म्हणजे इंग्रज नेमबाज तरीही पुढे कितीतरी वर्षं बीएसए कंपनीच्या मार्टिनी रायफलीलाच चिकटून राहिले, आणि तिला बोल्ट नव्हता! अमेरिकेत विंचेस्टरने १९१९ साली ‘मॉडेल ५२’ दाखवली. जड नळीची, खास नेमबाजीसाठी बांधलेली ही बोल्ट रायफल १९८०पर्यंत बनत होती.

जर्मनीच्या अनशुट्झ घराण्याची गोष्ट तर मुळाशीच नेते. १८५६ साली थुरिंगियात सुरू झालेला हा कारखाना फ्लोबेर पद्धतीच्या बंदुका करायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तो भाग सोव्हिएत ताब्यात गेला. कुटुंब पश्चिमेला आलं आणि १९५०मध्ये उल्म शहरात नव्याने मांड ठोकली. त्या दशकातली त्यांची ‘मॅच ५४’ ही बोल्टची बांधणी पुढे ऑलिंपिकच्या फायरिंग लाइनवर जिकडेतिकडे दिसू लागली.

आता जुनी रायफल विकत घेणाऱ्यासाठी. शस्त्र परवान्याचं आधी पाहा, तो विषय टाळता येत नाही. मग दस्त्याच्या चकाकीकडे दुर्लक्ष करून नळीच्या मागच्या तोंडाशी बॅटरी मारा. रिकामा घोडा ओढण्याची सवय असलेल्या मालकाच्या रायफलीत फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे खळगा पडतो. पुढच्या तोंडाची कड पाहा. तिथली लहानशी चीरही गोळीला निघता निघता एका बाजूला ढकलते. ट्रिगर दर वेळी एकाच जागी सुटतो का, हे बोटाला विचारा. एवढं झालं की कागदावर या. ५० मीटरच्या लक्ष्यात दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं आणि गोळी ५.६ची. रायफल टेकवून दहा-दहा बारांचे ग्रुप काढा, पण एकाच डब्यावर निकाल देऊ नका. एकाच कारखान्याचे, एकाच नावाचे दोन लॉट त्याच नळीतून निराळे पडतात. म्हणूनच एली, लापुआसारख्या कंपन्यांच्या चाचणी-रेंजवर नेमबाज आपली रायफल घेऊन जातात, लॉटमागून लॉट उडवून पाहतात आणि जो जुळेल त्याची पेट्यांनी खरेदी करतात.