कढईंतलें तेल आणि घरांतला विस्तव

पदार्थ तेलांत बुडवून तळण्याची कला आपल्याकडे नवी नव्हे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें इ. स. ११३० च्या सुमारास रचिलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत उडदाचे वडे तळून ते दुधांत वा दह्यांत मुरविण्याची कृति आढळते. राजाच्या मुदपाकखान्यांत अशा कामास आचारी असत. गृहस्थाच्या घरीं मात्र तें गृहिणीवरच पडे, आणि तापल्या तेलाचा धोकाही तिच्याच वांट्यास येई. पाकशास्त्राच्या पुस्तकांत जिन्नसांना जितकी जागा मिळाली तितकी या धोक्याला मिळालेली नाहीं.

नागपूरकडचा मुलूख जवसाचा, तिळाचा व करडईचा. १८६७ मध्यें मुंबईची आगगाडी नागपुरास पोंचली आणि इकडचें जवस परदेशीं जाऊं लागलें; घरीं राहिलेलें घाण्यांतून स्वयंपाकघरांत येई. घाण्याचें जवसाचें किंवा करडईचें तेल शंभराहून थोडे अधिक अंश सेंटिग्रेड तापतांच धुराऊं लागतें, आणि तळणास तर १७० ते १९० अंश लागतात. धूर ही तेलाची पहिली सूचना होय. पण ज्या घरांत तळणाच्या दिवशीं धूर ठरलेलाच, तेथें त्या सूचनेकडे लक्ष कोण देणार? शुद्ध केलेलें भुईमुगाचें तेल सव्वादोनशें अंशांच्या आसपास टिकतें. त्यानें घर स्वच्छ राहिलें, परंतु एक गैरसमजही आला, कीं धूर नाहीं म्हणजे भय नाहीं.

तेलाचा विचार या भागांत पुष्कळ झाला आहे. १९३४ च्या अखेरीस वर्ध्यास ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व मगनवाडींत झवेरभाई पटेल यांनीं बैलघाण्यांत सुधारणा केल्या. १९३७ मध्यें 'डालडा' बाजारांत आलें. कामठीचे खाणमालक डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगींतून १९४२ मध्यें नागपुरांत निघालेल्या तंत्रशिक्षण संस्थेंत तेलांचें शास्त्र शिकविलें जाऊं लागलें.

परंतु अपघाताचें मूळ तेलापेक्षां चुलींत अधिक आहे. जुनी चूल जमिनीलगत असे. कढईचें गोल बूड तिच्या तोंडांत घट्ट बसे, त्यामुळें धक्का लागला तरी ती सहसा कलंडत नसे. सुती लुगड्याचा कासोटा घट्ट असे. शिवाय सोंवळें! सोंवळ्याच्या कडकपणाबद्दल कोणी कांहींही म्हणो, तळण चाललें असतांना लहान मूल तेथें फिरकूं शकत नसे, हा त्याचा लाभ नाकारतां येत नाहीं. दोष एवढाच, कीं पेटलेलें लांकूड ओढून काढल्यावांचून आंच कमी होत नसे.

पुढें रॉकेलचा स्टोव्ह आला आणि १९५५ पासून मुंबईंत घरगुती गॅस मिळूं लागला. ओटा कमरेइतका उंच झाला. तीच गोल बुडाची कढई आतां चार बोटांच्या जाळीवर डुगडुगूं लागली. नायलॉनचें पातळ पेटलें तर वितळून कातडीस चिकटतें, हेंही नव्यानेंच कळलें. गॅस एका कळीनें विझतो, हें खरें. पण त्याच्या भरंवशावर तळण सोडून दाराशीं बोलावयास जाण्याची संवयही त्यानेंच लाविली.

नागपूरची सांबारवडी याचें उत्तम उदाहरण आहे. सांबार, म्हणजे कोथिंबीर, धुवून नीट न वाळवितां सारणांत घातली, किंवा पुडाची कड नीट मिटली नाहीं, तर ओलें सारण तेलांत सुटतें व तेल अंगावर उडतें. पाण्याची वाफ होतांना तिचें आकारमान सुमारें १७०० पट वाढतें. साबुदाण्याचा वडा फुटतो तो याच कारणानें. म्हणून जाणत्या गृहिणी कढई निम्मीच भरीत आणि वडी कडेनें, अंगापासून दूर सोडीत.

तेल साडेतीनशें अंशांच्या आसपास गेलें कीं ठिणगीवांचूनही पेटतें. त्यावर पाणी टाकणें ही सर्वांत घातक गोष्ट; पाणी तळाशीं जाऊन क्षणांत वाफ होतें आणि जळतें तेल छतापर्यंत उडवितें. गॅस बंद करावा, कढईहून मोठें धातूचें झाकण अंगाकडून पलीकडे सरकवीत ठेवावें, आणि ती पूर्ण निवेपर्यंत उचलूं नये. पेटती कढई घेऊन मोरीकडे धांवण्यानें माणसें भाजलीं आहेत. ज्वाला झाकणानें आटोक्यांत येत नसेल तर घराबाहेर पडून अग्निशामक दलास बोलवावें. भाजल्या जागीं पूर्वी शाई लावीत. तसलें कांहींही न लावितां वीस मिनिटें वाहतें थंड पाणी सोडावें.

राहिलें उरल्या तेलाचें. दिवाळीचें तळणीचें तेल महिनाभर पुरविण्याची काटकसर घरोघर चाले. तेल पुनःपुन्हां तापल्यानें त्यांत ध्रुवीय द्रव्यें सांचतात. हीं शेंकडा २५ हून अधिक असलेलें तेल वापरूं नये असा नियम भारतांत १ जुलै २०१८ पासून लागू आहे. घरीं तें मोजण्याचें साधन नसतें. तेल काळवंडलें, चिकट झालें, फेंस धरूं लागलें, कीं तें थंड करून बाटलींत भरून टाकून द्यावें. मोरींत ओतल्यास नळी तुंबते.