ससून: हॉस्पिटल, गोदी आणि अफूच्या पेट्या

पुण्यात कुणी घाबऱ्या आवाजात "त्याला ससूनला नेलंय" म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही. मुंबईत भल्या पहाटे मासळीचा लिलाव कुठे? ससून डॉकला. आणि काळा घोडाजवळ उन्हातून आत शिरून दोन तास शांत बसायचं असेल, तर डेव्हिड ससून लायब्ररी. नाव रोज तोंडात, पण हा ससून कोण, असं विचारलं तर बरेच जण म्हणतात, "असेल कुणीतरी इंग्रज साहेब."

इंग्रज नव्हता. बगदादचा ज्यू होता.

डेव्हिड ससूनचा जन्म १७९२चा. वडील बगदादच्या पाशाचे खजिनदार, म्हणजे घरात वजन होतं. पण दाऊद पाशाच्या कारकिर्दीत श्रीमंत ज्यूंकडून पैसे उकळणं सुरू झालं आणि डेव्हिडला गाव सोडून पळावं लागलं. आधी इराणच्या किनाऱ्यावरचं बुशहर आणि मग, १८३२च्या सुमारास, मुंबई. त्याला अरबी, हिब्रू वगैरे भाषा येत होत्या, इंग्रजी मात्र नाही. १८५३मध्ये तो ब्रिटिश नागरिक झाला तेव्हा कागदावर सही केली ती हिब्रूत. झगा आणि पागोटं शेवटपर्यंत सोडलं नाही.

त्याचं मोठं भांडवल म्हणजे त्याचे आठ मुलगे. परक्या गावात एजंट नेमायचा तर भरवसा कुणाचा? त्यापेक्षा पोरगाच पाठवायचा! दुसरा मुलगा इलियास १८४४मध्ये चीनला गेला. पुढे शांघाय, हाँगकाँग, लंडन असं जाळंच विणलं गेलं. कापूस, सूत, मसाले, सगळंच विकलं. पण खरा पैसा आला अफूतून, आणि इथे जरा थांबायला हवं.

माळव्यात, म्हणजे इंदूर-उज्जैनच्या भागात, अफू पिकायची. मुंबईत यायची, सरकार दर पेटीवर कर घ्यायचं आणि माल चीनला जायचा. चीनमध्ये तिला बंदी होती. त्यावरून १८३९ ते १८४२ युद्ध झालं, चीन हरला, बंदरं उघडली. दुसऱ्या युद्धानंतर तर हा व्यापार तिथे कायदेशीरच करून घेतला. ससूननी काय केलं, तर माळव्यातल्या व्यापाऱ्यांना आधीच उचल देऊन माल बांधून घेतला. मोठमोठ्या ब्रिटिश कंपन्या मागे पडल्या. तिकडे चीनमध्ये घरंच्या घरं नशेत बुडत होती.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, हे एकट्या ससूनचं पाप नव्हतं. जे. जे. हॉस्पिटलवाले जमशेटजी जीजीभॉय अफूच्याच व्यापारात मोठे झाले. पारशी, मारवाडी, गुजराती, ब्रिटिश, सगळे यात होते आणि सगळ्यात जास्त खूश होतं सरकार. तरी "तेव्हा चालायचंच हो" हे उत्तर मला पटत नाही. कारण त्याच काळात दादाभाई नौरोजी या व्यापारावर कडक शब्दांत लिहीत होते. म्हणजे दिसणाऱ्याला दिसत होतं.

आता याच पैशाचा दुसरा प्रवास. भायखळ्याचं सिनेगॉग, मुलांसाठी सुधारगृह, लायब्ररीला मोठी देणगी, पुण्यातलं हॉस्पिटल. डेव्हिड १८६४मध्ये पुण्यातच वारला आणि १८६७मध्ये हॉस्पिटल सुरू झालं. थोरला मुलगा अब्दुल्ला (पुढे सर अल्बर्ट) याने कुलाब्याला समुद्रात भराव टाकून १८७५मध्ये गोदी उभारली. ज्या घोड्यावरून 'काळा घोडा' हे नाव पडलं, तो पुतळाही त्याचीच देणगी. १९२४च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींना अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी आणलं ते ससूनमध्येच, आणि मधेच वीज गेली म्हणून शेवटी कंदील धरावा लागला.

या घराण्यातली माझी आवडती व्यक्ती मात्र फ्लोरा. नवरा १८९४मध्ये गेल्यावर तिने मुंबईची पेढी स्वतः चालवली. त्या काळात! प्लेगच्या साथीत लोक लस घ्यायला घाबरत होते, तेव्हा ती हाफकिनच्या पाठीशी उभी राहिली.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींशी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या 'शनिवार तेल्यां'शी, या बगदादी मंडळींचं फारसं जमलं नाही. धर्म एकच, तरी बगदादी स्वतःला वरचढ समजायचे. ओळखीचं वाटतंय ना?

हळूहळू घराणं इंग्लंडकडे सरकलं. पहिल्या महायुद्धावर कविता लिहिणारा सिगफ्रिड ससून हा डेव्हिडचा पणतू. इलियासच्या शाखेने मुंबईत गिरण्या काढल्या, कोकण-साताऱ्यातली माणसं त्यात राबली. त्या शाखेचा व्हिक्टर पुढे शांघायला गेला आणि तिथे टोलेजंग हॉटेल बांधलं. कम्युनिस्ट आल्यावर तेही गेलं.

डेव्हिड मात्र इथेच राहिला. पुण्याच्या कॅम्पात लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं सिनेगॉग आहे, पुणेकर त्याला लाल देऊळ म्हणतात. त्याच्या आवारात डेव्हिडची कबर आहे. तिथून ससून हॉस्पिटल चालत जाण्याइतकं जवळ.