दहा नंबर कोणाच्या मालकीचा?

३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोलंबोत भारत-श्रीलंका मालिकेतला चौथा एकदिवसीय सामना होता. पालघरचा शार्दूल ठाकूर पहिल्यांदाच भारताकडून वनडे खेळायला उतरला आणि त्याच्या पाठीवर १० हा नंबर दिसला. त्याने टाकलेल्या चेंडूंबद्दल त्या दिवशी फार कोणी बोललं नाही. ट्विटरवर चर्चा एकच, याची हिंमत कशी झाली? सचिनचा नंबर, आणि हा कोण?

शार्दूलचं उत्तर अगदी घरगुती होतं. त्याची जन्मतारीख १६-१०-१९९१. सगळे आकडे मिळवा, २८ येतात. दोन आणि आठ, दहा. अंकशास्त्रावर माझा काडीचाही विश्वास नाही, पण जगातल्या निम्म्या जर्सी नंबरांमागे याहून भारी कारण नसतं, हेही खरं. पुढे त्याने ५४ नंबर घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बातम्या आल्या की बीसीसीआयने १० नंबर 'अनौपचारिकपणे' रिटायर केला आहे. हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

नंबर रिटायर करणं ही मुळात क्रिकेटची रीत नाही. ती आली अमेरिका-कॅनडातून, आणि तिथला इतिहास चाळला की एक गंमत कळते. सुरुवातीला नंबर माणसाचा नव्हताच, तो जागेचा होता. १९२९ च्या हंगामात न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाने पाठीवर नंबर लावले ते बॅटिंगच्या क्रमाने. बेब रूथ तिसरा यायचा म्हणून ३, लू गेरिग चौथा म्हणून ४. लांब बसलेल्या प्रेक्षकाला खेळाडू ओळखता यावा, एवढाच हेतू.

गेरिग सलग २,१३० सामने खेळला होता. १९३९ मध्ये स्नायू निकामी करणाऱ्या एएलएस या आजारामुळे त्याचा खेळ थांबला. त्यानंतर यांकीजने ४ नंबर कोणालाच द्यायचा नाही असं ठरवलं. बेसबॉलमधला हा पहिला रिटायर झालेला नंबर. दोन वर्षांत गेरिग गेला. मागे विक्रम होतेच, पण निर्णयाच्या मुळाशी दुःख होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

उलट बेब रूथसारखा देव माणूस १९३४ च्या हंगामानंतर संघ सोडून गेला, तर त्याचा ३ नंबर सरळ पुढच्याला मिळाला. त्याच्या जागी, त्याच्याच नंबरची जर्सी घालून जॉर्ज सेलकर्क खेळायला आला. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. (शार्दूल, तू एकटा नाहीस.) सेलकर्क मात्र टिकला आणि यांकीजकडून बरीच वर्षं चांगला खेळला. रूथचा ३ रिटायर झाला थेट जून १९४८ मध्ये, रूथच्या मृत्यूच्या दोन महिने आधी. तेव्हा तो नंबर क्लिफ मेप्स नावाच्या नवख्या खेळाडूकडे होता. त्याच्याकडून तो काढून घेतला. काही काळाने मेप्सकडे ७ आला. १९५१ मध्ये मेप्स दुसऱ्या संघात गेला आणि ७ मिळाला मिकी मँटल या पोराला. आज तोही रिटायर झालेला आहे. इतिहासातले दोन पवित्र आकडे अंगावर वागवलेल्या मेप्सचं नाव आज बेसबॉलवेडे सोडले तर कोणाला माहीत नाही.

यांकीजने पुढे नंबर रिटायर करण्याचा सपाटाच लावला. आज वीसहून जास्त आकडे बंद आहेत. १ ते १० मधला एकही शिल्लक नाही. तिथे नवा आलेला पोरगा साठ-सत्तरच्या घरातला काहीतरी नंबर घालून उभा असतो, जणू बँकेत टोकन घेऊन बसलाय.

पण मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात आवडते ती टोरंटोची गोष्ट, गेरिगच्याही आधीची.

१२ डिसेंबर १९३३. बॉस्टनमध्ये आइस हॉकीचा सामना. टोरंटो मेपल लीफ्सचा एस बेली याला बॉस्टनच्या एडी शोरने मागून धडक दिली. बेलीचं डोकं बर्फावर आपटलं, कवटी फुटली. मेंदूवर शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. तो वाचला, पण पुन्हा कधी खेळू शकला नाही. १४ फेब्रुवारी १९३४ ला टोरंटोत त्याच्या मदतीसाठी खास सामना झाला. समोरच्या संघात शोरही होता. बेलीने भर मैदानात त्याच्याशी हात मिळवला. त्याच दिवशी जाहीर झालं की लीफ्सचा ६ नंबर यापुढे कोणी घालणार नाही. त्या लीगमधला हा पहिला रिटायर नंबर.

एवढ्यावर थांबली असती तर ती एक हळवी गोष्ट राहिली असती. बेली मात्र पुढे त्याच स्टेडियममध्ये सामन्याची वेळ नोंदवणारा अधिकारी म्हणून काम करत राहिला, कित्येक दशकं. घड्याळापाशी बसून तो लीफ्सच्या पिढ्या पाहत होता. त्यात रॉन एलिस नावाचा एक खेळाडू त्याच्या नजरेत भरला. १९६८ मध्ये बेलीने स्वतः क्लबला सांगितलं की माझा ६ नंबर एलिसला द्या. चौतीस वर्षं बंद असलेला नंबर पुन्हा बर्फावर उतरला, आणि एलिसने तो १९८१ पर्यंत घातला. १९९२ मध्ये बेली वारला. ६ आता पुन्हा बंद आहे.

एलिसने तो नंबर घातल्याने बेलीचं महत्त्व कमी झालं का? मला तर उलटं दिसतं. १९६८ साली टोरंटोतल्या कितीतरी पोरांनी बापाला विचारलं असेल, हा ६ इतकी वर्षं कुठे होता?

आता दुसरी बाजू, कारण ती मला माझ्या कामामुळे रोज दिसते. डेटाबेसमधली एखादी नोंद काढून टाकली तरी तिचा आयडी आम्ही शक्यतो नव्या नोंदीला देत नाही. जुन्या शंभर ठिकाणी त्या आयडीचा उल्लेख असतो, आणि ते सगळे संदर्भ एका क्षणात चुकीच्या माणसाकडे बोट दाखवू लागतात. १० म्हटलं की माझ्या पिढीच्या डोक्यातले सगळे संदर्भ शारजाला, सेंच्युरियनला, वानखेडेला जातात. कोलंबोत लोकांना खटकलं ते हेच असणार. हा राग मला मूर्खपणाचा वाटत नाही. फक्त तो चुकीच्या माणसावर निघाला.

आणि आमचे आयडी संपत नाहीत, जर्सीचे संपतात. २००२ च्या फुटबॉल वर्ल्डकपला अर्जेंटिनाने मॅराडोनाचा १० बाद करून यादी पाठवली. फिफाने ती नाकारली. खेळाडू तेवीस, तर नंबर १ ते २३, मधला एकही गाळायचा नाही. शेवटी एरिएल ऑर्टेगा १० घालून खेळला. फिफाच्या नियमांचं कौतुक करण्याची वेळ सहसा येत नाही, पण इथे करायला हवं. अर्जेंटिनाचं ऐकलं असतं, तर २०२२ मध्ये कतारला मेस्सीने कप उचलला तेव्हा त्याच्या पाठीवर १० नसता. त्या रात्री मॅराडोना कोणाला आठवला नाही?

सगळ्यात विचारपूर्वक हाताळलेला नंबर म्हणजे ४२. जॅकी रॉबिन्सनचा. १५ एप्रिल १९४७ ला तो ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल लीगने कृष्णवर्णीयांसाठी कित्येक दशकं बंद ठेवलेलं दार उघडलं. पन्नास वर्षांनी, १९९७ मध्ये, लीगने ४२ सगळ्याच संघांतून रिटायर केला. पण ज्यांच्याकडे तो आधीपासून होता त्यांच्याकडून हिसकावला नाही. यांकीजचा मारियानो रिवेरा २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत ४२ घालत होता. दरम्यान २००७ मध्ये केन ग्रिफी ज्युनियरने रॉबिन्सनच्या दिवशी एका सामन्यापुरता तो घालण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. २००९ पासून दर १५ एप्रिलला लीगमधला प्रत्येक खेळाडू ४२ घालतो. ओळख पटावी म्हणून आलेला नंबर, आणि त्या दिवशी मैदानावर कोण कोण आहे ते नंबरावरून ओळखताच येत नाही!

टोरंटो असो की ४२, दोन्हीकडे नियम उघड होता. कोणी, कधी आणि का ठरवलं ते सगळ्यांना माहीत होतं. मुंबई इंडियन्सनेही २०१३ मध्ये सचिनचा १० जाहीरपणे बंद केला. फिलिप ह्यूजच्या मृत्यूनंतर ऑस्ट्रेलियाने त्याचा ६४ बंद केला तो कर्णधार मायकेल क्लार्कच्या विनंतीवरून, आणि त्याला कोणी आक्षेप घेईल असं वाटत नाही. आपल्याकडे 'अनौपचारिकपणे' चालतं. नियम कुठे लिहिलेला नाही. तो मोडला हे पंचविशीतल्या पोराला शिव्या पडल्यावर कळतं. डिसेंबर २०२३ मध्ये धोनीच्या ७ बद्दलही सगळं बातम्यांमधूनच समजलं.

माझं मत विचाराल तर, घालू द्यावा. ज्याचा आहे त्याला विचारून, त्याच्या हातून. शोक ताजा असेल तर थांबावं. पण 'कायमचा बंद' हा निर्णय शंभराहून कमी आकडे असलेल्या खेळात फार जपून घ्यावा.

हा प्रश्न आता पुन्हा दारात आहे. मे २०२५ मध्ये विराट कोहली कसोटीतून निवृत्त झाला आणि महिना संपायच्या आत इंग्लंडमध्ये भारत 'अ' संघाकडून मुकेश कुमार १८ नंबरची जर्सी घालून उतरला. पुन्हा तोच गदारोळ. 'अ' संघाच्या जर्सीचे नंबर ठरलेले नसतात, असा खुलासा बातम्यांमधून आला.

त्या १८ ची कुळकथा विराटनेच सांगितली आहे. १९ वर्षांखालच्या भारतीय संघात निवड झाल्यावर त्याला जर्सी मिळाली. त्याने नंबर मागितला नव्हता. उघडून पाहिली तर पाठीवर १८ छापलेला होता.