परळचा दामोदर हॉल

वसंतातल्या या व्याख्यानांना येऊन आपण खुर्चीवर बसता, तेव्हा डोक्यावरील छपराचा विचार सहसा करीत नाही. मला तो करावा लागतो. काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनने सभेसाठी एका संस्थेचे सभागृह ठरविले होते. अनामत भरली, हस्तपत्रके वाटली, आणि आदल्या संध्याकाळी व्यवस्थापकांनी पैसे परत केले. दुरुस्ती निघाली आहे, एवढेच उत्तर मिळाले. सभा आम्ही एका चाळीच्या जिन्याखाली उरकली. त्या रात्री घरी जाताना मनात आले, की मुंबईच्या गिरणीकामगाराला स्वतःची म्हणावी अशी बसायची जागा मिळाली तरी केव्हा? माझे शालेय शिक्षण बेताचेच. परंतु या प्रश्नाचा पिच्छा मी ग्रंथालयांतून पुरविला.

आरंभ उघड्यावरच झाला. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा भरविली. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, या त्यांच्या मागण्या. अर्जावर साडेपाच हजार सह्या. १८९० च्या एप्रिलमधील सभेला तर दहा हजार माणसे लोटली व दोन स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी जूनमध्ये मालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. मैदानाचे हे सामर्थ्य मी कमी लेखीत नाही. परंतु मैदानात ठराव होतो, दप्तर राहत नाही. वर्गणीची पावतीबुके, अर्जांचे गठ्ठे, रात्रीचा वर्ग, कंदील, पाण्याचा माठ, या साऱ्यांना चार भिंती लागतात. आणि चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत माणसेच पाळीपाळीने झोपत. तेथे टेबल कोठे मांडणार?

ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावात वाचनालये, रात्रशाळा असे तिचे काम चाले. तिचाच परळचा दामोदर ठाकरसी हॉल १९२२ चा. ठाकरसी हे गिरणीमालकांचे घराणे. आमच्यातल्या काही जहाल मित्रांना ते नाव खुपते. मला खुपत नाही. मालकाचा पैसा म्हणजे अखेर साच्यावर उभे राहणाऱ्याचाच घाम. तो छपराच्या रूपाने परत आला, तर त्यात उपकार कोणी कोणावर केले?

९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी याच हॉलमध्ये सभा बोलाविली आणि तिच्यातून २० जुलैस बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सर चिमणलाल सेटलवाड अध्यक्ष, बाबासाहेब व्यवस्थापक मंडळाचे प्रमुख. सभेची कचेरीही तेथेच. पुढच्याच जानेवारीत सोलापुरास विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. आता याच्या शेजारी एक गोष्ट ठेवून पाहावी. त्या काळी गिरण्यांतील विणाईखात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. का, तर तुटलेला धागा तोंडात धरून ओला करावा लागे, आणि इतर कामगारांना तो विटाळ वाटे. त्या खात्यात पगार अधिक. म्हणजे दाराशी मालक नव्हता, आमचेच भाऊबंद उभे होते. हे लिहिताना युनियनवाल्याची मान खाली जाते. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. परंतु त्याच्या चार वर्षे आधीच, गिरणीत ज्याला साचा शिवता येत नव्हता तो माणूस परळच्या त्या कचेरीत अर्ज घेऊन जाऊ शकत होता.

पुढे हॉलचे नाव झाले ते नाटकांमुळे. कोकणातून आलेला कामगार पाळी संपवून तोंडाला रंग लावी. ती हकिगत रंगभूमीच्या जाणकारांनी सांगावी, माझा तो प्रांत नव्हे. गिरण्या गेल्या, तरी नाट्यगृह चालत राहिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेही पुनर्बांधणीसाठी बंद झाले आणि कलावंतांनी विरोध केला. त्यांचे गाऱ्हाणे रास्तच होते. वर्तमानपत्रांतून रंगमंचाविषयी मी पुष्कळ वाचले. कचेरीविषयी कोणी काही विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

आमच्या युनियनची दप्तरे एका कार्यकर्त्याच्या घरी माळ्यावर असतात. पावसाळ्यापूर्वी आम्ही दोघे-तिघे जाऊन ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून येतो.