व्हॅल्यू इंजिनिअरिंग : एका चांगल्या प्रश्नाची गोष्ट

बांधकाम क्षेत्रातल्या कुणासोबत बजेटच्या मीटिंगला बसला असाल तर "व्हीई करून घेऊ" हे वाक्य कानावर आलं असेलच. व्हीई म्हणजे व्हॅल्यू इंजिनिअरिंग. ऐकायला भारदस्त. प्रत्यक्षात बहुतेक वेळा अर्थ एवढाच असतो की खर्च हाताबाहेर गेलाय, आता काय काय कापायचं ते सांगा.

गंमत म्हणजे ही पद्धत ज्या माणसाने घडवली, त्याची सुरुवात कापाकापीतून झालीच नव्हती. त्याची सुरुवात टंचाईतून झाली.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत लॉरेन्स माइल्स नावाचा इंजिनिअर खरेदीचं काम बघत होता. तांबं, निकेल, पोलाद सगळं युद्धाकडे वळलेलं. मागवलेली वस्तू मिळायचीच नाही. मग माइल्सने वेगळा प्रश्न विचारायला सुरुवात केली : ही वस्तू नेमकं काय काम करते? वस्तू मिळत नसेल तर तेच काम दुसरं कशाने होईल? असे पर्याय शोधताना लक्षात आलं की ते अनेकदा स्वस्त पडतात आणि कधीकधी मूळ वस्तूपेक्षा बरेही निघतात. युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, खरेदी विभागाचे उपाध्यक्ष हॅरी अर्लिकर यांच्या पाठिंब्याने माइल्सने याची रीतसर पद्धत बांधली. तिला नाव दिलं व्हॅल्यू अ‍ॅनालिसिस.

त्या काळातला एक किस्सा या विषयाच्या वर्गांमध्ये अजून सांगतात. कारखान्यात वस्तू रंगात बुडवून पुढे सरकवल्या जायच्या. रंग खाली ठिबकायचा आणि त्यातलं द्रावण ज्वालाग्राही. म्हणून जमिनीवर अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे अंथरायचे. अ‍ॅस्बेस्टॉस मिळेना. एका पुरवठादाराने विचारलं, तुम्हाला ते हवंय कशासाठी? कारण कळल्यावर तो म्हणाला, मग न पेटणारा कागद आहे की, बराच स्वस्त. पण कंपनीच्या आगीच्या नियमात अ‍ॅस्बेस्टॉसच लिहिलेलं होतं. कागद सुरक्षित आहे याची आधी खात्री पटवावी लागली, नियम बदलावा लागला, तेव्हा कुठे तो वापरात आला.

हा आगीचा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

माइल्सची पद्धत सोपी होती. प्रत्येक भागाचं काम दोन शब्दांत सांगायचं. खांब : भार वाहणे. गच्ची : पाणी अडवणे. दिवा : उजेड देणे. मग त्या कामाला किती पैसे लागतायत ते बघायचं. मूल्य म्हणजे काम भागिले खर्च. त्यामुळे खर्च कमी करूनही मूल्य वाढतं, आणि थोडा जास्त खर्च करून काम खूप सुधारलं तरीही वाढतं. हे दुसरं वाक्य नंतर लोक सोयीस्करपणे विसरले.

खरं तर पद्धतीला नाव मिळण्याआधीही चांगले वास्तुरचनाकार असाच विचार करत होते. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग घ्या. १०२ मजले, बांधकाम ४१० दिवसांत, उद्घाटन १ मे १९३१. खिडक्या भिंतीच्या बाहेरच्या पातळीला आणल्या आणि दगड जिथे खिडकीला भिडतो तिथे धातूच्या उभ्या पट्ट्या लावल्या. पट्ट्यांनी कडा झाकल्या गेल्या, त्यामुळे प्रत्येक दगडाची कडा घासूनपुसून नीट बसवायची गरज राहिली नाही. पैसे वाचले, वेळ वाचला आणि त्याच पट्ट्यांनी इमारतीला तिची ओळखीची उभी रेघ दिली. अंदाज होता ५ कोटी डॉलरचा. जमिनीसकट काम झालं सुमारे ४.१ कोटीत. अर्थात त्यात महामंदीमुळे पडलेल्या भावांचाही मोठा हात होता.

पण परतावा? त्याच मंदीने भाडेकरूही पळवले. लोक तिला 'एम्प्टी स्टेट' म्हणायला लागले. पहिल्या वर्षी जेवढं भाडं आलं, जवळपास तेवढीच कमाई वरच्या प्रेक्षक-गॅलरीच्या तिकिटांनी करून दिली असं सांगतात. नफ्यात यायला जवळपास दोन दशकं गेली. व्यापारी इमारतीचा परतावा फक्त बांधकाम खर्चावर ठरत नाही. लोक कशासाठी पैसे देणार आहेत, त्यावर ठरतो. कुणी कंजूषपणा करून ती गॅलरीच कापली असती तर?

असो. १९५४ मध्ये अमेरिकी नौदलाच्या जहाजबांधणी विभागाने माइल्सची पद्धत उचलली आणि तिचं नाव व्हॅल्यू इंजिनिअरिंग झालं. १९५९ मध्ये या लोकांची संघटना उभी राहिली, माइल्स तिचा पहिला अध्यक्ष. साठच्या दशकात पद्धत सरकारी बांधकामात शिरली. १९७६ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने १ कोटी डॉलरच्या वरच्या सांडपाणी प्रकल्पांना ती सक्तीची केली. करारांत एक आकर्षक कलमही आलं : कॉन्ट्रॅक्टरने स्वस्त पर्याय सुचवला आणि तो मान्य झाला, तर बचतीतला वाटा त्याला मिळणार.

कलम चांगलंच आहे. जो रोज साइटवर असतो त्याला खूप काही दिसतं. पण इथे एक पेच आहे. वाचलेला पैसा लगेच मोजता येतो. गमावलेलं काम मात्र वादळ येईपर्यंत किंवा आग लागेपर्यंत दिसत नाही.

न्यूयॉर्कचंच सिटीकॉर्प सेंटर बघा. ५९ मजली, १९७७ मध्ये सुरू झालेलं. भूखंडाच्या एका कोपऱ्यात चर्च होतं, म्हणून इमारतीचे खांब कोपऱ्यांत न ठेवता चारही बाजूंच्या मध्यावर ठेवले. वाऱ्याचा जोर पेलायला आत तिरके पोलादी आधार. त्यांचे सांधे वेल्डिंगचे ठरले होते. पोलाद पुरवणाऱ्यांनी सुचवलं, बोल्ट लावू, अडीच लाख डॉलर वाचतील. विल्यम लमेझ्युरियर हे या इमारतीचे इंजिनिअर. त्यांच्या ऑफिसने होकार दिला. समोरून येणाऱ्या वाऱ्याला बोल्ट पुरत होते. कोपऱ्यावर तिरका वारा आला तर काय, हे बोल्ट मान्य करताना तपासलं गेलंच नाही. १९७८ मध्ये लमेझ्युरियरना ते लक्षात आलं आणि दोनशेहून जास्त सांध्यांवर दोन इंच जाडीच्या पट्ट्या रात्री-रात्री वेल्ड कराव्या लागल्या. सर्वसामान्य लोकांना खरी गोष्ट कळली ती १९९५ मध्ये. धोका नेमका किती मोठा होता यावर नंतर अभ्यासकांत वाद झाले. पण दुरुस्तीचा खर्च वाचलेल्या अडीच लाखांच्या कितीतरी पट होता, यावर वाद नाही.

तिथे वेळेत जाग आली. लंडनला ती आली नाही.

ग्रेनफेल टॉवर, २४ मजले, १२९ घरं, मालकी स्थानिक कौन्सिलची. म्हणजे इथे भाड्याचा परतावा वाढवायचा नव्हता, पण शब्द तोच वापरला गेला. नूतनीकरणात बाहेरून जस्ताचं आवरण लावायचं ठरलं होतं. बजेट बसेना. मग 'व्हॅल्यू इंजिनिअरिंग' म्हणून जस्ताऐवजी अ‍ॅल्युमिनियमचे संमिश्र पॅनेल आले : दोन पातळ पत्रे आणि मध्ये पॉलिथिलीन. म्हणजे प्लास्टिकच. बचत २,९३,३६८ पौंड. घरटी सव्वादोन हजार पौंडांच्या आसपास.

१४ जून २०१७ च्या रात्री चौथ्या मजल्यावरच्या एका घरातल्या फ्रीजमधून आग लागली. बाहेरच्या आवरणावरून ती वर चढली. ७२ माणसं गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या चौकशी अहवालाने स्पष्ट म्हटलं की हे सगळे मृत्यू टाळता आले असते. दोष अनेकांचा होता : माल विकताना चाचण्यांची माहिती दडवणाऱ्यांचा, नियम ढिले ठेवणाऱ्या सरकारचा, आणि हा बदल आगीच्या दृष्टीने नीट न तपासणाऱ्या सगळ्यांचा.

आता माइल्सच्या पद्धतीने बघा. आवरणाचं काम काय? पाऊस अडवणे. थंडी अडवणे. इमारत बरी दिसणे. आणि आग न पसरवणे. पहिली तीन कामं बैठकांमध्ये चर्चेला आली. चौथं गळलं. ज्या पद्धतीचा सगळ्यात गाजलेला किस्सा आगीच्या नियमाशी झगडून, कागद न पेटणारा आहे हे पटवून देण्याचा आहे, तिच्याच नावाखाली हे घडलं.

याला व्हॅल्यू इंजिनिअरिंग म्हणणं हा शब्दाचा अपमान आहे. कामाचा विचार न करता फक्त किंमत कमी करणं याला आपल्याकडे जुना, साधा शब्द आहे : काटछाट. करायची तर करा, पण त्याच नावाने करा. मग निदान मीटिंगमधला कुणीतरी विचारेल की नेमकं काय छाटतोय.

आणि ही पद्धत खरी वापरायची तर तिची वेळ आराखड्याच्या टेबलावर असते. खांब कुठे, मजल्याची उंची किती, वाऱ्या-उन्हाकडे तोंड कसं, हे ठरतानाच खरा पैसा वाचतो. टेंडर उघडल्यावर उरतं ते फक्त माल बदलणं.

आपल्या सोसायटीचं पुनर्बांधकाम चालू असेल किंवा एखाद्या व्यापारी संकुलात गाळा घेत असाल, तर करारातले 'किंवा समतुल्य' हे दोन शब्द शोधा. दिसले की माइल्सचा प्रश्न विचारा : समतुल्य म्हणजे कोणत्या कामाला समतुल्य? आणि ते तपासलं कुणी? बचतीत ज्याचा वाटा आहे त्यानेच तपासलं असेल, तर दुसरा तपासणारा शोधा.